काळ्या धुळीची कैफियत

चंद्रपूर

मोटारींच्या सर्व्हिस सेंटरांत ग्राहकांच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्या समस्त सल्लागार मंडळींच्या सेवेशी,



ज्या व्यवसायात ग्राहकाच्या तोंडून तक्रार पुरती बाहेर पडण्यापूर्वीच तिच्यावरील इलाज, त्या इलाजाची किंमत आणि त्या किमतीवरील सवलत ही तिन्ही एका दमात सांगून टाकण्याचे कसब अंगी बाणले आहे, त्या व्यवसायातील मंडळींना उद्देशून लिहिताना आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले जाईल अशी आशा बाळगणे थोडे धाडसाचेच आहे. तरीही लिहितो, कारण पत्राला मध्येच थांबवून “साहेब, यावर आपल्याकडे पॅकेज आहे” असे म्हणता येत नाही, एवढी एक सोय पत्रात आहे.

माझी मोटार पांढऱ्या रंगाची आहे आणि मी चंद्रपुरात राहतो; या दोन विधानांतच माझ्या फिर्यादीचा बहुतेक मजकूर येऊन गेला, असे आमच्या गावचे वाचक म्हणतील. सकाळी स्वच्छ पुसून ठेवलेल्या बॉनेटवर सायंकाळी बोट फिरवावे, तर बोटाचे टोक काळे आणि बॉनेटवर पांढरी रेघ, हा येथील नित्याचा अनुभव आहे, आणि त्याबद्दल संतापण्याचे वय मी केव्हाच मागे टाकले आहे. माझी तक्रार धुळीविरुद्ध नाही. ही धूळ कसली, एवढा एकच प्रश्न मी आपल्या व्यवसायबंधूंना निरनिराळ्या ठिकाणी, अदबीने आणि गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशी वेळ साधून विचारला. त्यावर एका ठिकाणी “धूळच आहे, साहेब” असे उत्तर मिळाले, दुसऱ्या ठिकाणी “हे चंद्रपूर आहे जी, चालतंच” अशी माझी समजूत घालण्यात आली, आणि तिसऱ्या ठिकाणी उत्तराऐवजी सिरॅमिक कोटिंगचे दरपत्रक माझ्या हाती आले. बॉनेटपर्यंत चालत जाऊन, कमरेत वाकून, ती धूळ मात्र कोणीच पाहिली नाही.

आता आपण म्हणाल की धूळ ती धूळ. पाण्याने जावी, न गेल्यास शाम्पूने जावी, त्यानेही न गेल्यास रबिंग-पॉलिशिंग आहेच. हे म्हणणे मला अमान्य आहे, आणि अमान्यतेचे कारण मोटारीच्या रंगातच दडलेले आहे. कारखान्यातून निघालेल्या मोटारीच्या पत्र्यावर जे सर्व थर मिळून रंग म्हणून ओळखले जातात, त्यांची एकत्रित जाडी सामान्यतः शंभर ते दीडशे मायक्रॉन असते, आणि त्यांतील अगदी वरचा जो पारदर्शक थर मोटारीला चकाकी देतो, तो पन्नास मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक असतो. प्रत्येक रबिंगमध्ये आपण या थराचाच काही अंश कायमचा घासून काढता. साध्या रस्त्यावरच्या धुळीतही क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात आणि गारगोटी काचेवरसुद्धा ओरखडा काढते. तेव्हा ज्या धुळीचे नावगाव ठाऊक नाही, ती कोरड्या फडक्याने पुसणे याचा अर्थ ग्राहकाच्या खर्चाने त्याच्याच मोटारीला घासकागद लावणे असा होतो, आणि मग त्या ओरखड्यांवर उपाय म्हणून पुन्हा पॉलिशिंग सुचविले जाते, हे चक्र आपल्या धंद्याला लाभदायक असले तरी न्याय्य नाही.

कोणत्याही पंचनाम्यात मुद्देमाल कोठे सापडला हे प्रथम लिहितात. मोटारीवरील काळेपणाच्या बाबतीत ही एक नोंद निम्मा निकाल देऊन जाते. पुढच्या दोन चाकांवर काळपट-तपकिरी भुकटी चिकटलेली आहे आणि मागची दोन चाके त्या मानाने स्वच्छ आहेत असे दिसले, तर ती बाहेरची धूळ नसून ब्रेकची भुकटी होय, हे आपणांस मी सांगावे असे नाही. ब्रेक दाबताच मोटारीचा भार पुढे झुकतो, पुढच्या ब्रेकांना अधिक झीज सोसावी लागते, आणि आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींना पुढे उघडी डिस्क व मागे झाकलेला ड्रम असल्यामुळे मागची भुकटी ड्रमच्या पोटातच राहते. या भुकटीत डिस्कच्या लोखंडाचे कण असतात. ते तप्त अवस्थेत उडून रंगावर रुतून बसतात आणि पुढे गंजून पांढऱ्या पत्र्यावर नारिंगी ठिपक्यांच्या रूपाने प्रकट होतात. त्यावर जो द्रव शिंपडला असता जांभळा होऊन ओघळतो, तो आपल्या कपाटात असतो. फक्त तो महागड्या पॅकेजच्या बाहेर कधी येत नाही.

मागच्या उभ्या काचेवरचा थर वेगळा. चालत्या मोटारीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडविलेली धूळ त्या भोवऱ्यात सापडून डिकीच्या दारावर बसते. ज्यांची पाठ उभी कापलेली आहे अशा हॅचबॅक मोटारींना मागेही वायपर देण्याची आणि सेडानला बहुधा तो न देण्याची पद्धत याच कारणाने पडली. परंतु हाच थर जर तेलकट असेल, बोटाने पसरत असेल आणि सायलेन्सरच्या तोंडाच्या बाजूलाच अधिक असेल, तर ती काजळी आहे, आणि मग प्रश्न धुण्याचा राहत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे मानक लागू झाले असून त्यानुसार डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. अशा मोटारीच्या सायलेन्सरमध्ये बोट घालून ते काळेकुट्ट बाहेर आले, तर ती गाळणी अथवा इंजिन यांपैकी काहीतरी बिघडल्याचा तो पुरावा होय. तो पुरावा प्रेशरच्या पाण्याने धुऊन टाकून मोटार लखलखीत करून मालकाच्या हवाली करणे, यासारखी विपरीत सेवा दुसरी नसेल. काचेखालच्या रबरी पट्टीपासून दारावर उतरलेल्या काळ्या ओघळांविषयी आणि चाकांमागे पत्र्यावर उडालेल्या डांबराच्या ठिपक्यांविषयी अधिक लिहीत नाही. पट्टी म्हातारी झाली आहे आणि डांबराला थोडे रॉकेल पुरते, हे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे आहे, पण सांगितले जात नाही.

एका प्रकाराकडे मात्र आपले लक्ष मुद्दाम वेधतो, कारण त्याच्या पायी माझ्या एका शेजाऱ्यांना संपूर्ण मोटार पॉलिश करून घ्यावी लागली. त्यांची मोटार घरासमोरच्या आंब्याखाली उभी असते. आंब्याला मोहोर आला की त्यावर तुडतुडे पडतात, हे प्रत्येक बागाईतदाराला माहीत आहे. हे किडे मोहोरातील रस शोषतात आणि मधासारखा चिकट स्राव सोडतात, जो पानांवर, फांद्यांवर आणि खाली जे काही असेल त्यावर बारीक थेंबांनी ठिबकत राहतो. या गोड स्रावावर काही दिवसांत काळी बुरशी वाढते. शेतकरी ती पानांवर पाहून ओळखतो. आपण ती बॉनेटवर पाहून “प्रदूषणाचे डाग” म्हणता. तिची परीक्षा सोपी आहे: धूळ झटकली तर उडते, ही उडत नाही, बोटाला चिकटते, आणि मोटारीच्या ज्या भागावर झाडाची सावली पडते, तेवढ्याच भागावर ती असते. कोमट पाण्यात भिजविलेले फडके थोडा वेळ पसरून ठेवले की ती सुटते. शेजाऱ्यांनी हजारो रुपये मोजले, मोटार झळाळून आली, आणि पुन्हा त्याच आंब्याखाली उभी राहिली. कारण झाडाविषयी त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आता मूळ तक्रारीकडे, म्हणजे जी धूळ बॉनेट, टप आणि डिकी या आडव्या भागांवर सारखी पसरते आणि जी निःसंशय वरून पडते, तिच्याकडे येतो. चंद्रपुरात अशी धूळ पडावी यात आश्चर्य नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळून देशात चौथा क्रमांक लागला होता, आणि हा असा एक गुणानुक्रम आहे की ज्यात वर आल्याबद्दल कोणी पेढे वाटत नाही. शहराच्या उत्तरेस २९२० मेगावॉटचे औष्णिक विद्युत केंद्र, भोवताली कोळशाच्या खाणी, घुग्घुस-ताडाळीकडे लोखंडाच्या भट्ट्या, राजुरा-गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने, आणि या सर्वांना एकमेकांशी जोडणाऱ्या रस्त्यांवरून अहोरात्र धावणारे, ताडपत्री अर्धी फडफडत असलेले टिपर: इतके संशयित एकाच गावात असताना “धूळच आहे, साहेब” हे उत्तर म्हणजे तपासच बंद करणे होय. शिवाय यांतील प्रत्येकाची धूळ वेगळी आणि तिची वागणूकही वेगळी.

माझ्या ओळखीच्या, शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी या कामी मला जी मदत केली, तिचा तपशील आपल्या उपयोगी पडेल म्हणून देतो. त्यांनी पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा बॉनेटवर हलकेच दाबला, उचलला, काचेच्या पट्टीवर चिकटविला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. डोळ्यांना जी एकजिनसी काळी पूड वाटत होती, ती तेथे चांगलीच संमिश्र निघाली. कोळशाचे कण धारदार, कोनाकोनाचे, आणि फुटलेल्या कडांवर चकाकणारे होते. त्यांच्यामध्ये, कोणी मुद्दाम विखरून टाकावेत तसे, काचेचे वाटोळे मणी होते, काही दुधी, काही पारदर्शक, काही पूर्ण काळे. हे मणी म्हणजे औष्णिक केंद्रांत जळलेल्या कोळशाची राख. भट्टीच्या उष्णतेत खनिजांचा रस होऊन तो हवेतच गोठतो, म्हणून त्याला गोल आकार येतो, आणि तसा वाटोळा आकार कोळशाच्या किंवा मातीच्या कणाला कधीच येत नाही. माझ्या स्नेह्यांनी नंतर पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लोहचुंबक धुळीवरून फिरविले, तेव्हा थोडी काळी पूड त्याला जाऊन चिकटली. यावरून लगेच लोखंडाच्या भट्टीवर आळ घेता येत नाही, कारण राखेतील काळ्या मण्यांतही चुंबकाला धावणारे लोहाचे संयुग असते, ही खबरदारी त्यांनी तेथल्या तेथे मला दिली. धूळ पाण्यावर टाकून पाहण्याचा प्रयोगही निकाली ठरत नाही, कारण राखेतील पोकळ मणी तरंगतात तशी कोळशाची बारीक पूडही पाणी धरत नसल्यामुळे तरंगते.

निकाल लागला तो अगदी साध्या उपायाने. मोटार रस्त्याकडच्या फाटकापाशी उभी असे, ती काही काळ घराच्या मागील अंगणात लावली, आणि दोन्ही जागी रात्रभर एकेक पांढरी चिनी मातीची थाळी ठेवून सकाळी तीवरील धूळ त्याच रीतीने तपासली. अंगणातील थाळीत कोळशाचे टोकदार कण पुष्कळ कमी झाले. वाटोळे मणी मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले. म्हणजे माझ्या मोटारीपुरता तरी कोळसा रस्त्याचा होता आणि राख आकाशातून येत होती. पहिल्याला घराचा अडोसा पुरतो; दुसरीला, विशेषतः हिवाळ्यात जेव्हा रात्रीची थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि पहाटेच्या दवाने पत्रा ओला असतो, तेव्हा कोणताही अडोसा पुरत नाही, फक्त अंगासरशी बसणारे आच्छादन आणि दव वाळण्यापूर्वी मोकळ्या पाण्याने धुणे एवढाच इलाज उरतो. यात सिरॅमिक कोटिंगचा संबंध कोठे येतो, हे मला अजून समजलेले नाही. ते कोटिंग वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. सिलिकाचा तो थर पाण्याला पत्र्यावर ठरू देत नाही आणि त्यामुळे धूळ सुटणे सुलभ होते, एवढे श्रेय त्याला द्यावयास मी तयार आहे. पण त्यामुळे “धूळ बसणारच नाही” असे जे आपले हुकमी वाक्य आहे, त्याला कोणताही आधार नाही, कारण वरून पडणारा कण खाली कोटिंग आहे की नाही हे विचारून पडत नसतो.

गडचांदूर, आवारपूर, नकोडा या बाजूच्या मोटारमालकांची कैफियत तर याहून गंभीर आहे. तेथील करड्या धुळीत सिमेंट असते आणि सिमेंटने पाण्याशी कसे वागावे हे ठरलेलेच आहे. दवाने भिजून वाळलेला तो थर नखाने निघत नाही, चुन्याच्या गुणाने रंगही खातो, आणि त्यावर नेहमीचा शाम्पू व रगडणे हे उपाय केले तर निघतो तो थर नव्हे, रंग. स्वयंपाकघरातील व्हिनेगर पाण्यात मिसळून त्या थरावर टाकले असता बुडबुडे येऊन तो मऊ पडतो आणि मग भरपूर पाण्याने वाहून जातो. सिमेंटच्या टापूत दुकान थाटलेल्या सेवाकेंद्राला एवढे माहीत नसावे असे मी मानावयास तयार नाही. माहीत असून सांगितले जात नाही असे मानणे अधिक क्लेशकारक आहे.

आपल्या वॉशिंग-रॅम्पवर मी एकदा उभा राहून जे पाहिले, तेही नमूद करतो. तेथील मुलाने आधी चारही चाके फडक्याने पुसली, तेच फडके त्याच बादलीत पिळले, आणि त्यानेच बॉनेट गोलगोल घासावयास सुरुवात केली; ट्यूबलाइटच्या उजेडात त्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे स्पष्ट दिसत होते. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला दुसरी बादली आणि दुसरे फडके दिलेले नव्हते, आणि चाकांवरच्या भुकटीत लोखंड असते हे त्याला सांगणे ज्यांचे काम होते, ते आत काउंटरवर कोटिंग विकण्यात गुंतले होते.

यावर आपला जबाब काय असेल, याची मला कल्पना आहे. आपल्याला एका मोटारीमागे मोजकी मिनिटे मिळतात. महिन्याला अमुक इतकी पॅकेजे खपलीच पाहिजेत असे वरचे फर्मान असते. आणि धुळीचे निदान करून सांगितले तर त्याचे बिल कोणत्या सदरात करावे, हे संगणकावरील जॉबकार्डात छापलेले नाही. हे सारे खरे असणार, आणि त्यात आपला व्यक्तिशः दोष थोडा आहे हेही मी कबूल करतो. म्हणूनच माझ्या मागण्या आपल्या अधिकाराच्या कक्षेत बसतील अशाच आहेत. मोटार धुण्यापूर्वी ती एकदा सभोवार हिंडून पाहावी. ग्राहकाला तीन प्रश्न विचारावेत: मोटार रात्री कोठे उभी असते, वर झाड आहे काय, आणि काळेपणा कोणत्या भागावर अधिक बसतो. उत्तरावरून कारणाचा अंदाज जॉबकार्डावर एका ओळीत लिहावा, आणि अंदाज करता आला नाही तर “कारण अनिश्चित” असे स्वच्छ लिहावे. त्याने आपली पत कमी होणार नाही. चाकांचे फडके व बादली वेगळी असावी. आणि कोटिंग अवश्य विकावे, परंतु धूळ बसणार नाही असे वचन देऊन विकू नये.

याहून एक मोठी विनंती आहे, जी मी थोड्या संकोचाने करतो. हवेतील धुळीची जी सरकारी मापे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, ती दहा मायक्रॉन व त्याहून बारीक कणांची असतात. चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत अशा कणांचे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक वजन नसावे, असे राष्ट्रीय मानक आहे. श्वासाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे, हे उघड आहे. पण आपल्या बॉनेटवर जी धूळ दिसते, तिच्यातील बराच भाग याहून जाडा असल्यामुळे त्या मापात येतच नाही, आणि वजनाच्या आकड्यावरून कण कोळशाचा की राखेचा हेही कळत नाही. आपल्याकडे मात्र गावाच्या प्रत्येक वस्तीतील मोटारी, बाराही महिने, पांढऱ्या पत्र्यावर हा मुद्देमाल घेऊन आपखुशीने हजर होतात आणि आपण तो गटारात सोडून देता. वस्ती, महिना आणि धुळीचा प्रकार एवढी तीन सदरे असलेली एक साधी नोंदवही प्रत्येक सेवाकेंद्रात ठेवली गेली, तर कोणत्या रस्त्यावर टिपर ताडपत्रीने झाकून नेण्याचा हुकूम पाळला जात नाही आणि कोणत्या वस्तीवर कोणत्या ऋतूत राख उतरते, याचा जो दाखला तयार होईल, तो नगरसेवकाला अथवा जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज करणाऱ्या नागरिकाच्या हाती आज नाही.

नवे जॉबकार्ड छापावयास टाकाल, तेव्हा त्यात “मोटार रात्री कोठे उभी असते” हे एक सदर वाढवावे. पुढच्या खेपेस मी येईन, तेव्हा ते भरून घेण्याची आपणांस आठवण करीन.



आपला,
एक पांढऱ्या मोटारीचा मालक